दुग्धत्याग आणि अहिंसाधर्म

मांस, मत्स्य आणि मद्य ही आपल्या पंथात सर्वथा वर्ज्य आहेत. उपदेश घेतलेल्या वासनिकाच्या घरी याविषयी शंका निघत नाही. परंतु अलीकडे काही विचारी तरुण वासनिक साधु-महंतांना एक निराळाच प्रश्न विचारू लागले आहेत. जीवहिंसा टाळावी म्हणून आपण मांस सोडले. मग गाईम्हशींच्या दुःखावाचून आज जे मिळत नाही असे ते म्हणतात, ते दूध आपल्याला ग्राह्य कसे? प्रश्न विचारणाऱ्यांपैकी काहींनी दूध, दही, तूप सोडलेही आहे. त्यांना उत्तर देताना कोणी हसतो, कोणी रागावतो. अहिंसेविषयी मनापासून विचारलेल्या प्रश्नाला ही दोन्ही उत्तरे योग्य नव्हेत. म्हणून यथामती हा विचार मांडीत आहोत.

दुधासह सर्व प्राणिजन्य अन्न वर्ज्य करणाऱ्या आचाराला पाश्चात्त्य देशांत 'व्हीगन' असे नाव आहे. हा शब्द १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सोबत्यांनी रूढ केला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांची संस्था स्थापन झाली. प्रस्तुत लेखात आपण त्यास 'दुग्धत्याग' म्हणू.

कोणत्याही त्यागाचे मोल तो कोठे केला जातो यावरही अवलंबून असते. कोकणात समुद्रकाठच्या लहान गावी ज्याने मासळी सोडली, त्याने केवळ जिभेचा एक पदार्थ सोडला असे होत नाही. सारे गाव ज्यावर जगते त्यापासून तो दूर सरतो. आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात समुद्र नाही. पण मासळीचे ते स्थान येथे दुधाला आहे. श्रीरामपूर तालुक्यातील कमालपूर म्हणजे आपले डोमेग्राम. तेथे सर्वज्ञांचे वास्तव्य घडले. नेवासे व बेलापूर ही स्थानेही याच परिसरातील. या गोदा-प्रवरेच्या खोऱ्यात आज पहाटे व सायंकाळी घरोघरच्या किटल्या दूध संकलन केंद्राकडे निघालेल्या दिसतात. उसाचे पैसे वर्षाकाठी येतात. दुधाचे पैसे आठ-दहा दिवसांनी हाती पडतात. त्यावर किराणा, औषध, मुलांची फी चालते. धार काढण्यापासून शेण उचलण्यापर्यंतचे बहुतेक काम घरातील स्त्रिया करतात. अशा गावी ज्याच्या-त्याच्या घरी दुधाचा चहा पुढे येतो आणि तो नाकारणे म्हणजे त्या घराचे आतिथ्य नाकारणे, असे समजले जाते. येथे दुग्धत्याग करून राहणे सोपे नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे.

आता मूळ आक्षेप पाहू. गाय व्याल्यावाचून दूध देत नाही. दूध चालू ठेवावयाचे तर तिला पुनःपुन्हा गाभण ठेवावे लागते. सुमारे नऊ महिन्यांनी जे वासरू जन्मते, ते साधारण निम्म्या वेळा गोऱ्हा असते. पूर्वी गोऱ्ह्याचा बैल होई. अकोले तालुक्यातील डांगी जनावरे आजही याची साक्ष देतात. अतिपावसाच्या डोंगरी मुलखात चिखलात राबणारा बैल ही त्या जातीची ख्याती, दूध मात्र बेताचे. पुढे अधिक दुधासाठी संकर झाला. उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापिलेल्या 'बाएफ' संस्थेने संकरित पैदाशीचे काम खेडोपाडी नेले. १९६८ साली स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी व गीर या तिहींच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' गाय सिद्ध केली. या कार्याने अनेक कोरडवाहू घरांची चूल पेटती राहिली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु संकरित गोऱ्ह्याला धड वशिंड नाही, उन्हाचा ताप त्याला सोसवत नाही आणि नांगराच्या जागी ट्रॅक्टर आलेला. त्याचे गोठ्यात काम उरले नाही.

गाईची हत्या महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने निषिद्ध झालीच होती. २०१५ च्या मार्चपासून वळू व बैल यांनाही ते संरक्षण मिळाले. म्हशीच्या रेड्याला ते नाही. कायद्याने सुरीचा मार्ग बंद केला, परंतु गव्हाणीत चारा टाकणे कायद्याच्या हाती नाही. दुधाचा दर उतरला, की गोठ्यात पहिला चारा तुटतो तो गोऱ्ह्याचा आणि त्यामागून भाकड गाईचा. कित्येक गोऱ्हे पुरेसे दूध न मिळाल्याने पहिल्या काही दिवसांतच दगावतात, कित्येक रस्त्यावर सोडून दिले जातात. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे ते हे. यात अतिशयोक्ती आहे, असे गोठा पाहिलेल्या मनुष्यास म्हणता येणार नाही.

यावर पंथीयांकडून सामान्यतः तीन शंका घेतल्या जातात. त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिली शंका : श्रीकृष्ण चक्रवर्तींनी गोकुळात दही-लोण्याची क्रीडा केली, मग दूध सदोष कसे? याचे उत्तर असे, की परमेश्वराची लीळा जीवाने स्मरावी आणि आचरण मात्र विधीप्रमाणे करावे, हा विवेक आपल्याकडे सर्वमान्य आहे. लीळेचे अनुकरण हे जीवाचे काम नव्हे. शिवाय गोकुळाचे स्मरण करताना वासरांचेही स्मरण करावे. तेथे वत्से राखण्याचे काम स्वतः श्रीकृष्णांनी केले. ज्या गोठ्यात वासरू उपाशी आहे, त्या गोठ्याच्या समर्थनार्थ गोकुळाचा दाखला देता येणार नाही.

दुसरी शंका : गाईच्या देहात आलेला जीव आपल्या पूर्वकर्माचे फळ भोगतो; त्यात आपला संबंध काय? ही शंका वरवर शास्त्रीय वाटते, म्हणून ती अधिक घातक आहे. जीव आपले कर्म भोगतो हे खरे, पण त्याला दुःख देणाऱ्याचे कर्म दुःख देणाऱ्याच्याच खात्यावर पडते. लीळाचरित्रातील सशाची लीळा आठवावी. पारध्यांनी ससा पाठीस घेतला आणि तो सर्वज्ञांच्या मांडीखाली येऊन राहिला. पारध्यांचेही म्हणणे होतेच. त्यांची आपसात होड लागलेली होती. सर्वज्ञांनी सशाच्या पूर्वकर्माचा हिशेब मांडला नाही. शरण आलेल्याला मरण नाही, हा भाव त्यांनी प्रकट केला, तृण खाऊन वनात राहणाऱ्या निरपराध प्राण्याकडे पारध्यांचे लक्ष वेधले, त्यांचे मन वळविले आणि मग सशास मोकळे केले. येथे दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. सशाचे रक्षण झाले आणि पारध्यांचा तिरस्कार झाला नाही. प्रस्तुत प्रश्नालाही या दोन्ही गोष्टी लागू आहेत.

तिसरी शंका : नांगरणीतही किडे मरतात, भाकरीही हिंसेवाचून नाही, मग दुधालाच दोष का द्यावा? देहधारी जीवाकडून संपूर्ण हिंसात्याग घडणे कठीण, हे मान्य. परंतु जी हिंसा टळू शकत नाही तिचा आधार घेऊन टळू शकणाऱ्या हिंसेचे समर्थन करणे न्याय्य नाही. मुंगीच्याही संसाराची काळजी वाहणारे श्रीमुखीचे वचन वाचकांस मुखोद्गत आहे. तेथे लहानमोठ्याचा भेद केलेला नाही आणि सवलतही दिलेली नाही. हिंसा स्वतः करणे, दुसऱ्याकरवी करविणे आणि तिला संमती देणे, असे तीन भेद भारतीय शास्त्रविचारात प्रसिद्ध आहेत. गोठ्यापासून दूर शहरात बसून दूध स्वस्तच मिळावे असा आग्रह धरणारा मनुष्य तिसऱ्या भेदातून सुटत नाही. राहाता तालुक्यातील पुणतांब्याहून उठलेल्या शेतकरी संपात १ जून २०१७ पासून रस्त्यावर दूध ओतले गेले. तेव्हा अनेकांना नासाडी दिसली. परंतु ज्या दरात गाईचाच खर्च निघत नाही, त्या दरात गोऱ्ह्याला कोण पोसणार, हा प्रश्न फारच थोड्यांनी विचारला.

येथवर दुग्धत्यागाचा पक्ष बळकट दिसतो. तरीही त्यागाच्या वाटेवरचे धोके सांगितल्यावाचून विचार पुरा होत नाही. महात्मा गांधींचे उदाहरण बोलके आहे. दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर १९१२ साली त्यांनी दूध सोडले. कलकत्त्याकडे गाईम्हशींचे दूध शेवटच्या थेंबापर्यंत काढण्यासाठी जे क्रूर उपाय होत, त्यांची माहिती हे त्यामागचे एक कारण होते. पुढे १९१८ साली ते मरणप्राय आजारी पडले. दूध घेतल्यावाचून शरीर सुधारणार नाही असे वैद्यांचे मत पडले, तेव्हा व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती, मग शेळीचे दूध घेण्यास हरकत कोणती, असे कस्तुरबांनी सुचविले. गांधींनी ते घेतले. व्रताचा शब्द राहिला पण आत्मा गेला, ही खंत त्यांनी आत्मकथेत लपविली नाही. व्रत मोठे असो की लहान, शब्दाच्या फटीतून निसटण्याची सोय मन शोधतेच. आणि देहाचेही काही म्हणणे असते. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही. दूध सोडणाऱ्याने ते औषधरूपाने घेतले पाहिजे. नाचणी, तीळ, शेंगदाणे, हुलगे, मटकी आपल्या जिल्ह्यात घरोघरी आहेत, त्यांचा आहारात विचारपूर्वक समावेश करावा. लहान मुले, गर्भवती आणि वृद्ध यांच्यावर घरातील एकाने आपले व्रत लादू नये.

दुसरा धोका सूक्ष्म आहे. त्यागाचा अभिमान हा त्यागिलेल्या वस्तूपेक्षा जड असतो. शेजारणीने प्रेमाने पुढे केलेला चहा नाकारताना तिच्या कष्टांना पापाचे नाव देणारा मनुष्य वासरावर दया करतो आणि त्याच क्षणी मनुष्याला दुखवितो. पारध्यांशी सर्वज्ञ जसे बोलले, त्या बोलण्याची आठवण येथे ठेवावी. "मला कोरा द्या" एवढे म्हणून हसतमुखाने बसले, तर आतिथ्यही राहते आणि नियमही.

आता प्रत्यक्ष आचाराचा निर्णय. साधूचा धर्म आणि वासनिकाचा धर्म येथे एक नाही.

साधूने भिक्षान्नावर राहावयाचे आहे. चारही वर्णांच्या दारी जे मिळेल ते रस न पाहता घेणे, हा त्याचा नियम. झोळीत आलेल्या निर्दोष भाकरीवर घरधनिणीने ताक ओतले, तर ते निवडीत बसणे हे त्या नियमाला शोभत नाही. जे त्याच्यासाठी घडविलेले नाही, मागितलेले नाही, ते त्याने उदासीनपणे घ्यावे किंवा मौनाने सोडावे. परंतु मागणी करणे हे निराळे. उपहाराच्या पंगतीत बासुंदी-श्रीखंडाची अपेक्षा ठेवणे, ते न झाल्यास यजमानाला उणे लेखणे, हे भिक्षेच्या नियमाच्या आड लपविता येणार नाही. जेथे अपेक्षा आली तेथे संमती आली. महंतांनी स्वतः सांगून पंगतीतील दुधाचे पदार्थ कमी करविले, तर रसत्याग आणि अहिंसा या दोहोंचेही पालन होईल.

वासनिकाचा धर्म अधिक कठीण आहे, कारण गोठा त्याचा आहे किंवा दुधाचे पैसे त्याच्या खिशातून जातात. त्याच्यापुढे दोन प्रामाणिक मार्ग आहेत. एक दूध सोडण्याचा. दुसरा दुधाचे ऋण फेडण्याचा. दूध घेणारा गृहस्थ गोठ्यातील दुःखाचा वाटेकरी आहे, तेव्हा ते दुःख कमी करण्याचा भारही त्याने उचलावा. धार काढण्यापूर्वी वासराचा वाटा काढावा. चीक हा नवजात वासराचा पहिला आधार. त्याचा खरवस करण्याची हौस सोडण्यास कोणत्याही शास्त्राचा आधार शोधावा लागत नाही. कालवडच जन्मावी अशा रेतमात्रा आता मिळतात. त्या वापरल्या तर नकोसा गोऱ्हा सहसा जन्माला येत नाही आणि त्याची उपासमारही टळते. जी गाय दहा वेते घरच्यांना पोसते, तिच्या भाकडपणीच्या चाऱ्याची तजवीज तिच्या दुभत्या वर्षांतच करावी; घोडेगाव किंवा लोणीच्या बाजारात तिचा दोर दुसऱ्याच्या हाती देऊन आपण मोकळे झालो, असे समजू नये. आणि ज्याच्या घरी गोठा नाही, त्याने स्वस्त दुधाचा हट्ट सोडावा. दोन पैसे अधिक द्यावेत, दूध कमी घ्यावे.

या दोहोंपैकी एकही न पत्करता केवळ दूध 'सात्त्विक' आहे असे म्हणणारा मनुष्य नावाचा आश्रय घेतो. पदार्थाचे सात्त्विकपण त्याच्या पांढऱ्या रंगात नाही. तो कोणत्या दाव्यावरून आला, तेथील वासरू जिवंत आहे की नाही, यात ते शोधले पाहिजे.

सारांश, दुग्धत्याग हा पंथाचा विधी नाही. म्हणून तो न करणाऱ्यास दोष लावू नये. पण अहिंसेच्या विधीचा तो प्रामाणिक विस्तार आहे. म्हणून तो करणाऱ्यास वेडगळ म्हणू नये, पंगतीत त्याच्यासाठी दुधावाचूनचे चार पदार्थ प्रेमाने करावेत. त्यागणाऱ्याने नम्र असावे आणि घेणाऱ्याने ऋणी असावे. जो नम्रही नाही व ऋणीही नाही, त्याने आज सायंकाळी धार काढण्याच्या वेळी गोठ्यात जाऊन उभे राहावे आणि दाव्याला बांधलेल्या वासराकडे पाहावे.

दंडवत प्रणाम.