हिशेबातलं हरीण

शेजाऱ्याच्या शेडमध्ये त्या रविवारी संध्याकाळी पाच हरणं उलटी टांगलेली होती आणि त्यांच्याखाली उभी राहून आठ-नऊ माणसं बियर पीत वाद घालत होती. मी कोपऱ्यात कॉफीचा कप धरून उभी. टांगलेल्यांपैकी एक मादी आमच्या रानातली होती, माझ्या परवानगीनं मारलेली. म्हणून मला बोलावलं होतं.

आम्ही नैऋत्य विस्कॉन्सिनमध्ये राहतो. टेकड्या, मका, सोयाबीन, मधे मधे ओकची रानं. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी इथे बंदुकीच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. त्या नऊ दिवसांत भडक नारिंगी जाकिटं घातलेली माणसं पेट्रोल पंपावर, किराणा दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, सगळीकडे दिसतात. आपल्याकडे दिवाळीत 'फराळ झाला का' विचारतात, तसं इथे 'मिळालं का' विचारतात. काय, ते सांगावं लागत नाही.

शेडमधलं बोलणं नेहमीप्रमाणे शिंगांपासून सुरू झालं. कुणाच्या नराला आठ टोकं, कुणाच्या दहा, दोन शिंगांमधलं अंतर किती. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात तोच नर ऑक्टोबरमध्ये कसा दिसला होता, याचे फोटो फोनवर फिरले. मग गाडी आकड्यांवर आली. एक जण राज्याच्या उत्तर भागातून, वडिलोपार्जित केबिनवरून रिकाम्या हातानं परतला होता. दोन दिवसांत एकही हरीण दिसलं नाही, म्हणाला. दोष लांडग्यांचा आणि लांडग्यांना पाठीशी घालणाऱ्या वन्यजीव खात्याचा. दुसऱ्याचं म्हणणं उलट: आमच्या दक्षिणेकडे हरणं इतकी माजलीत की मक्याच्या कडेच्या ओळी त्यांच्याच नावावर लिहून द्याव्यात, आणि खातं परवाने वाटतंय तरी कुणी माद्या मारायला तयार नाही. त्यावर एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "मादी मारायची म्हणजे पुढच्या सालची तीन हरणं मारायची. माझ्या बापानं मला ते शिकवलं नाही."

वादाची गाठ इथेच आहे. गणित सोपं आहे. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे नर कितीही मारले तरी कळपाची वाढ फारशी थांबत नाही. मादी मात्र चांगल्या चाऱ्याच्या प्रदेशात सहसा जुळी पाडसं देते. संख्या कमी करायची तर माद्या मारायला हव्यात. आणि शिकाऱ्याला हवी असतात शिंगं.

हा वाद जुना आहे. आल्डो लिओपोल्ड हा माणूस विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापनाचा प्राध्यापक होता. त्याची ती सुप्रसिद्ध झोपडी आमच्यापासून फार लांब नाही. उत्तरेकडच्या रानांत हरणं वाढून हिवाळ्यात उपाशी मरताहेत हे बघून चाळिशीच्या दशकात तो सांगू लागला की माद्याही मारा. १९४३ साली तो राज्याच्या संवर्धन आयोगावर आला आणि त्याच वर्षीच्या हंगामात माद्यांच्या शिकारीला परवानगी मिळाली. सव्वा लाखाहून जास्त हरणं मारली गेली. लोक इतके भडकले की विरोधकांनी त्या हंगामाला '४३चा गुन्हा' असं नाव ठेवलं. पुढच्याच वर्षी लिओपोल्डनं 'डोंगरासारखा विचार करणं' या अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहिला. तरुणपणी आपण एक लांडगी मारली, कारण लांडगे कमी म्हणजे हरणं जास्त असं आपल्याला वाटत होतं, याची कबुली त्यात आहे. हा लेख आज शाळाकॉलेजांत मोठ्या भक्तिभावानं वाचला जातो. तो लिहिणारा माणूस तेव्हा हरणांच्या माद्या मारा म्हणून शिव्या खात होता, हे मात्र भक्तांच्या फारसं लक्षात नसतं.

मी स्वतः त्या भक्तांपैकीच. १६ एकर रानासकट हे घर आम्ही घेतलं, तेव्हा पहिल्याच शरदात शेजारी टोपी हातात घेऊन दारात आला. आधीचे मालक त्याला शिकारीला येऊ द्यायचे. मी नाही म्हटलं. मी शाकाहारी नाही, मटणाचा रस्सा मला माझ्या आईइतकाच चांगला जमतो, तेव्हा हे 'नाही' कुठल्या तत्त्वातून आलं होतं असं सांगायची सोय नाही. माझ्या खिडकीतून दिसणारं हरीण मरू नये, एवढंच. आम्ही झाडांवर 'शिकारीस मनाई'च्या पाट्या ठोकल्या. त्या नऊ दिवसांत आजूबाजूची हरणं आमच्याकडे गोळा होऊ लागली, त्यांना कळतंच. मला त्याचा अभिमान वाटायचा. वाशिमला काकांना फोन करून सांगायची, माझ्या रानात धर्मशाळा उघडलीय.

काका ऐकून घ्यायचे. त्यांच्या शेतात रोही आणि काळविटांचे कळप येतात. हरभरा वर आला की रात्री जागल करावी लागते, बॅटरी आणि फटाके घेऊन. कायद्यानं ते जनावराला हात लावू शकत नाहीत आणि माळकरी असल्यामुळे लावणारही नाहीत. नुकसानभरपाईसाठी पंचनामा व्हावा लागतो आणि तो होईपर्यंत पुढची रात्र येते. त्यांनी कर्ज काढून झटका मशीन बसवलं. त्याचा झटका जनावर पळवण्यापुरताच असतो. सगळेच ते घेऊ शकत नाहीत. तारेत थेट वीज सोडण्याचे प्रकार विदर्भात होतात आणि त्यात जनावरंही मरतात, माणसंही. काका एकदा म्हणाले होते, "तिथं लोक पैसे भरून मारतेत? अन् आमचा इथं राखता राखता जीव जाऊन राह्यला." माझ्या धर्मशाळेवर त्यांनी काही मत दिलं नाही.

मत बदलायला मला दोन गोष्टी लागल्या. पहिली, झाडांची माहिती असलेली एक मैत्रीण राहायला आली आणि रानात फिरून आल्यावर तिनं विचारलं, तुमच्याकडे लहान ओक का नाहीत? मी बघितलं. शंभर वर्षांचे ओक होते, खाली बलुतांचा सडा होता, आणि गुडघ्याएवढं ओकचं रोपटं अख्ख्या १६ एकरांत एक नव्हतं. वसंतात फुलणारी ट्रिलियमची पांढरी फुलंही दरवर्षी कमी होत गेली होती. आपण रान सांभाळतोय असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी म्हाताऱ्या झाडांचा वृद्धाश्रम चालवत होते.

दुसरी गोष्ट एका फेब्रुवारीतली. घरामागे बर्फात एक हरीण उभं होतं, मान खाली, बरगड्या दिसणारं, तोंडातून लाळ. हाक मारली तरी हललं नाही. इथे २००२ साली हरणांमध्ये एक मेंदूचा रोग सापडला, सगळे त्याला सीडब्ल्यूडी म्हणतात. त्याला औषध नाही, लस नाही. झालेलं हरीण जगत नाही. प्रिऑन नावाची बिघडलेली प्रथिनं तो पसरवतात आणि ती मातीतही वर्षानुवर्षं टिकतात. हरणांची दाटी जितकी जास्त तितका प्रसाराला वाव. माझी धर्मशाळा म्हणजे काय होतं, ते मला त्या खिडकीत उभं राहून समजलं. मी दीड दिवस बघत राहिले. मग खात्याला फोन केला आणि त्यांच्या सांगण्यावरून शेजारी बंदूक घेऊन आला. एकच आवाज झाला. मी त्याला थँक्यू म्हटलं आणि म्हणताना विचित्र वाटलं.

त्या रात्री मला गांधी आठवले. १९२६ साली अहमदाबादच्या एका गिरणीमालकानं साठेक भटकी कुत्री मारवली आणि गांधींनी त्याची बाजू घेतली, तेव्हा संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. १९२८ मध्ये आश्रमातल्या वेदनेनं तळमळणाऱ्या वासराला त्यांनी इंजेक्शन देऊन मरण दिलं, तेव्हा तर जास्तच. पण त्याच वेळी पीक नासणाऱ्या माकडांचा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. वासराला मारलं ते वासरासाठी. माकडांना मारलं तर ते आपल्यासाठी असेल आणि त्याला अहिंसा म्हणता येणार नाही.

बर्फातलं हरीण हे वासरू होतं. तिथे माझ्या मनात शंका नाही. प्रश्न धडधाकट मादीचा आहे. कळप व्यवस्थापनाची सगळी भाषा तिला वासरू ठरवण्यासाठी बनलेली आहे. तिला मारलं तर बाकीच्यांना चारा मिळेल, रोग कमी पसरेल, ओक वाढतील. हे सगळं खरं आहे. पण हे भलं कळपाचं होतं. त्या मादीच्या वाट्याला त्यातलं काय येतं? कळपाला भूक लागत नाही आणि गोळीही लागत नाही. भूक लागते ती एकेका हरणाला. खात्याच्या अहवालांत मारलेल्या हरणांच्या संख्येला 'हार्वेस्ट' म्हणतात, म्हणजे सुगी. शब्द मवाळ आहे म्हणून माझी तक्रार नाही. सुगीत कणसं मोजत नाहीत, पोती मोजतात. माझी तक्रार आहे ती ह्याबद्दल.

आणि गणितामागे उभं राहून माणूस आपल्याला हवं तेच करतो, याचा पुरावा याच राज्यात आहे. माद्या मारल्या जाव्यात म्हणून १९९६ पासून काही भागांत नियम केला होता: आधी मादी मारा, मग नराचा हक्क मिळवा. शिकाऱ्यांना तो इतका खुपला की २०११ मध्ये कायदा करून तो काढून टाकला गेला. उलट २०२१ च्या फेब्रुवारीत लांडग्यांच्या शिकारीला परवानगी मिळाली, मर्यादा होती ११९ची, आणि तीन दिवसही पुरे व्हायच्या आत २१८ लांडगे मेले. मादीसाठी सरकारनं विनवण्या करायच्या आणि लांडग्यासाठी सरकारला धावत जाऊन दार बंद करावं लागायचं. दोन्हीकडे शब्द एकच, व्यवस्थापन.

एवढं सांगून शिकाऱ्यांना दांभिक म्हणावं असा मोह होतो. मग मी स्वतःला काय म्हणू? त्यांचा हेतू शिंगांचा असतो आणि परिणाम बरेचदा चांगला होतो. माझा हेतू दयेचा होता आणि परिणाम त्या खिडकीबाहेर दीड दिवस उभा होता. हेतूवरून माणसाला जोखावं, असं मी लहानपणापासून ऐकत आले; ते खोटं नसेल, पण हरणाला हेतू दिसत नाही. शिवाय इथल्या बंदुकांवर आणि काडतुसांवर १९३७ पासून जो केंद्रीय कर वन्यजीवांसाठी राखून ठेवलेला आहे, त्यात शेजाऱ्यानं आयुष्यभर भर घातली आहे. मी पक्ष्यांसाठी दाणे विकत घेतले.

तर या वर्षी मी शेजाऱ्याकडे गेले. म्हटलं, या. पण नर नाही, मादीच. तो हसला आणि म्हणाला, मग मुलीला पाठवतो, तिला शिंगांचं वेड नाही. त्याची मुलगी कॉलेजात शिकते. शनिवारी उजाडताना ती आमच्या रानात एका ओकवर चढून बसली. मी किचनमध्ये होते. साडेसातच्या सुमाराला आवाज आला आणि माझ्या हातातून चमचा पडला. नंतर ओढायला मदत करायला मी गेले, कारण तेवढं तरी आपण करावं असं वाटलं. मादी अजून गरम होती आणि माझ्या अंदाजापेक्षा जड. मुलगी काही बोलली नाही. पोट फाडताना तिचे हात सराईत होते, आणि मधेच थांबून तिनं हातमोजा काढून मादीच्या मानेवर नुसता हात ठेवला. निमित्तमात्र वगैरे शब्द मला तिथे सुचले होते. तिचा हात बघून ते तोंडातच राहिले.

शेडमध्ये त्या संध्याकाळी म्हाताऱ्यानं तिला विचारलं, "का मारलीस मग मादी?" मला वाटलं ती रोगाचं सांगेल, ओकचं सांगेल, माझ्याकडे बोट दाखवेल. ती म्हणाली, "मला मांस हवं होतं. आणि यांना रान हवं होतं." वाद क्षणभर थांबला, मग कुणीतरी लांडग्यांवर परत गेलं.

डोकं तपासणीला दिलं आहे. रोग निघाला तर मांस खाऊ नये असा सल्ला आहे. तोवर आमच्या वाट्याच्या चार पुड्या फ्रीझरमध्ये, पांढऱ्या कागदात, वर तारीख लिहिलेल्या.

काकांना मी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. तिकडे रात्रीचे साडेनऊ, ते शेतात होते. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ते बराच वेळ गप्प. मग विचारलं, "पिल्लू होतं काय वं तिच्यासंगं?"

"होतं," मी म्हटलं. "मोठं झालं होतं. आपलं आपण चरत होतं."

"हं," काका म्हणाले. मागे कुठेतरी कुत्रं भुंकायला लागलं. "रोही आले वाटते. ठेवतो."