तण कोणास म्हणावे?

वकिलीच्या व्यवसायात आम्ही जे थोडेबहुत शिकलो त्यात एक गोष्ट ही की, मसुद्यातील ज्या शब्दाचा अर्थ सर्वांस ठाऊक आहे असे आपण गृहीत धरतो, नेमका तोच शब्द पुढे घात करतो. ‘वाजवी’, ‘आवश्यक’, ‘कुटुंब’ अशा साध्या शब्दांवरून दिवाणी न्यायालयांत पिढ्या खपल्या आहेत. म्हणून अशिलाने कितीही घाई केली तरी व्याख्येचे कलम आम्ही आधी लिहितो. आणि तरीही आमच्या हातून असा एक शब्द व्याख्येवाचून निसटला. तो शब्द ‘तण’.

अंत्रुजातील एका देवस्थानाच्या समितीवर आम्ही काही वर्षे सभासद आहोत. मंदिराच्या डाव्या अंगास, गणपतीच्या घुमटीपासून तळीच्या पायऱ्यांपर्यंत, सुमारे सहाशे चौरस मीटर जागा मोकळी होती. तेथे गवत आपल्या मनाने वाढे आणि आपल्या मनाने सुके. दोन वर्षांपूर्वी समितीच्या मनात आले की येथे नीटनेटकी हिरवळ करावी. ठरावाचा मसुदा अर्थातच आमच्याकडे आला आणि आम्ही लिहिले, “सदर जागेतील सर्व तण समूळ नष्ट करून तेथे उत्तम प्रतीची हिरवळ लावण्यात यावी.” वाक्य आम्हांस बरे वाटले. ‘समूळ’ हा शब्द तर विशेष आवडला.

ठेकेदाराने ठरावाचा शब्दशः अंमल केला. मृगाच्या सरींनंतर गवत जोमाने वाढीस लागताच त्याने तणनाशक फवारले. अशी औषधे पानांवाटे आत शिरून मुळांपर्यंत पोहोचतात व त्यासाठी झाड वाढीच्या भरात असावे लागते. पंधरवड्यात सारी जागा गवताच्या जुन्या छपरासारखी पिवळी झाली. मग रोपवाटिकेत ज्यास ‘मेक्सिकन’ म्हणतात त्या गवताचे चौकोनी तुकडे आणून अंथरले गेले. श्रावणात ती जागा गालिच्यासारखी दिसू लागली, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाखाणली, आम्हीही आमच्या पाठीवर थोडीशी थाप मारून घेतली.

चवथीच्या आदल्या दिवशी, पहाटे, गावातील एक वृद्ध बाई नित्याप्रमाणे दूर्वा काढण्यास आली. घरोघरच्या गणपतीसाठी एकवीस-एकवीस दूर्वांच्या जुड्या बांधून देणे हे तिचे अनेक वर्षांचे व्रत. पैसे ती घेत नसे. कोणी नारळ दिला तर नाही म्हणत नसे. आम्ही नेमके त्या वेळी माटोळीच्या सामानाची चौकशी करीत उभे होतो. तिने हिरवळीवर एक फेरी मारली, दोनदा वाकून पाहिले, आणि आमच्याकडे येऊन इतकेच विचारले, “वकीलबाब, हांगाची दुर्वा खंय गेली?”

पंचवीस वर्षांच्या उलटतपासण्यांत इतका अडचणीचा प्रश्न आम्हांस कोणी विचारला नव्हता. त्या वर्षी गणपतीच्या घुमटीत घाटावरून आलेल्या, निम्म्या सुकलेल्या जुड्या विकत आणून वाहिल्या गेल्या.

दोष ठेकेदाराचा नव्हे. हिरवळीच्या शास्त्रात ज्या जागी एक गवत लावायचे तेथे उगवलेले दुसरे गवत हे तणच होय. शिवाय दूर्वा म्हणजेच शेतकऱ्याची हरळी. जमिनीवर आडवे धावणारे तिचे धुमारे आणि जमिनीखाली आडवी धावणारी तिची खोडे, दोन्ही पेरापेराशी मूळ धरतात. दूर्वेच्या वैदिक मंत्रात तिच्या या कांडाकांडातून फुटण्याचेच वर्णन आहे. तेथे ते वंशवृद्धीचे चिन्ह ठरते, आणि शेतात तोच गुण शाप होतो. नांगराने हरळी कापली तर एकीच्या दहा होतात. म्हणून घाटावरील शेतकरी वैशाखाच्या उन्हात खोल नांगरट करून तिची मुळे उन्हाने करपू देतो, आणि उरलेली हाताने वेचतो. काळ्या रानात हरळी आणि कुंदा वेचताना ज्यांच्या कंबरा मोडल्या त्यांच्यापुढे दूर्वेचे माहात्म्य सांगण्यास आम्ही धजणार नाही.

१९७७ साली लीरॉय होल्म व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील सर्वांत उपद्रवी तणांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील क्रमवारी आमच्यासारख्या देवळात वाढलेल्या माणसास विचारात पाडणारी आहे. पहिला क्रमांक लव्हाळ्याचा, ज्याचा कंद नागरमोथा म्हणून दिवाळीच्या उटण्यात पडतो आणि ज्यास तुकोबांनी नम्रतेचा दाखला म्हणून पुढे केले. दुसरा क्रमांक दूर्वेचा. सातवे गवत ते, जे पुष्कळ ठिकाणी दर्भ म्हणून श्राद्धपक्षास वापरतात. नववी आपली घोळीची भाजी, आणि दहावा चाकवत. देवाचे पान, पितरांचे आसन आणि गरिबाची भाजी, तिन्ही एकाच आरोपपत्रात!

तेव्हा तण ही वनस्पतीची जात नव्हे, हे उघड आहे. ते एक नाते आहे. कायद्यात ‘अतिक्रमण करणारा’ हा शब्द असाच आहे. जन्मतः कोणी अतिक्रमण करणारा नसतो, दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीवाचून पाऊल टाकताच तो तसा होतो आणि पाऊल मागे घेताच राहत नाही. चोर हा शब्द माणसाच्या कृत्याविषयी बोलतो. तण हा शब्द जमिनीच्या मालकाच्या इच्छेविषयी बोलतो. गंमत अशी की, ही हरळी आमच्या आवारात शतकभर तरी नांदत असावी. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे दुसऱ्याच्या जमिनीवर बारा वर्षे उघड व अखंड प्रतिकूल कब्जा ठेवणाऱ्यास हुसकावण्याचा मालकाचा हक्क बुडतो. हरळीने वकीलपत्र दिले असते तर तिची बाजू मांडावयास आम्ही एका पायावर तयार झालो असतो. दुर्दैवाने प्रतिपक्षाचा मसुदा आम्हीच लिहिला होता.

विनोद बाजूस ठेवू. खरा नैतिक प्रश्न असा की, ज्यास तण म्हणायचे त्याची निवड करणारा आणि त्यास नष्ट करणारा एकच असतो. आपल्याच दाव्यात कोणी न्यायाधीश होऊ नये आणि दुसरी बाजू ऐकल्यावाचून निकाल देऊ नये, ही न्यायाची दोन पथ्ये. माळी दोन्ही मोडतो. त्याच्या हातातले खुरपे हीच फिर्याद, तोच निकाल आणि तीच अंमलबजावणी. मग निंदणी हा सारा अन्यायच मानावा काय?

एके काळी आम्हांस तसे वाटे, आणि तसे वाटण्यात एक प्रकारचे सुखही असते. ‘सर्वांस जगू द्या’ असे म्हणून हात झाडले की आपण दयाळू ठरतो. परंतु ज्याने एखादी बाग प्रत्यक्ष सांभाळली आहे तो असे म्हणणार नाही. माळ्याने निवड केली नाही म्हणजे निवड होत नाही असे नव्हे. ती जो बळकट आहे तो करतो. लव्हाळ्याचेच पहा. तो उपटला की वरचा शेंडा हाती येतो, पण खाली मण्यांच्या माळेसारखे कंद एकमेकांस जोडलेले असतात. माळ तुटली की आजवर झोपलेले कंद जागे होऊन प्रत्येक जण आपला कोंब वर काढतो. त्याच्या त्रिधारी दांड्याशी दयेची भाषा बोलण्यात अर्थ नाही. गाजर गवताचेही तसेच. पुण्यात १९५५ साली त्याची नोंद झाली आणि नंतर देशभर रस्त्यांच्या कडा त्याने व्यापल्या. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेस विकार जडतो, परागांनी श्वासास त्रास होतो. ते फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट काढणे हे कर्तव्यच आहे; त्याबद्दल आम्हांस पुसटसाही खेद होत नाही.

आणि हिरवळीचे मर्म जाणणारे तर सांगतात की, उपटणे हा उपायांतील शेवटचा उपाय. उष्ण ऋतूत वाढणाऱ्या गवतास भरपूर ऊन हवे, सावलीत ते विरळ होते. रोज शिंपडण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने खोलवर पाणी मुरवावे. आणि कापणी वारंवार पण बेताने करावी, एका वेळी पात्याचा तिसरा हिस्सा, त्याहून अधिक नव्हे. असे दाट, सुखी गवत असेल तर इतर पुष्कळ बीजांस उगवण्यापुरता प्रकाशच मिळत नाही. जेथे तण फार माजते तेथे बहुधा मूळ गवत कशाने तरी आजारी असते. आमच्या समितीने तणनाशकाच्या खर्चास मंजुरी दिली त्या सभेत, घुमटीवरच्या ज्या फांद्यांनी ऊन अडविले होते त्यांच्याविषयी कोणी चकार शब्द काढला नव्हता. आम्हीही नाही.

काही विद्वान म्हणतात, परका तो तण, मूळचा तो आपला. ही कसोटी आमच्या गोव्यात एक दिवस टिकणार नाही. काजू ब्राझीलहून आला; मिरची आली ती समुद्र ओलांडून; दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. आणि तो झेंडू व ते गाजर गवत वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच कुळातले, दोघेही अमेरिका खंडातून आलेले. एकाला आपण दाराच्या चौकटीवर बांधतो, दुसऱ्याला दाराबाहेर जाळतो. उलट, येथलाच, पावसात आपोआप उगवणारा तायकिळो कुळागरवाल्यास तण वाटतो, आणि त्याच्याच घरात श्रावणात त्याची भाजी होते. जन्मावरून काही ठरत नाही. वर्तनावरून थोडेफार ठरते. आणि उरलेले ठरते ते जमीन कोणत्या हेतूसाठी आहे यावरून.

येथे आमची चूक आम्हांस प्रथम स्पष्ट दिसली. ती जमीन कोणाची? समितीची नव्हे, महाजनांची तर नव्हेच. ती देवाची. हे आम्ही भक्तिभावाने नव्हे, कायद्याने बोलत आहो. हिंदू देवमूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती आहे. १९२५ साली कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याच्या देवमूर्तीविषयीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असे मानले की, मूर्ती ही कोणी उचलून कोठेही ठेवावी अशी चीजवस्तू नव्हे. तिच्या इच्छेचा मान राखला पाहिजे, आणि ती इच्छा न्यायालयापुढे मांडण्यास निःपक्षपाती प्रतिनिधी नेमला पाहिजे. विश्वस्त हा मालक नसून मालकाच्या इच्छेचा रखवालदार होय. आता घुमटीतल्या मालकाची आवड कोणास ठाऊक नाही? अनलासुराला गिळल्यावर झालेला दाह ज्या एकवीस दूर्वांनी शमला त्यांची कथा गावातील पाच वर्षांचे मूलही सांगेल. मालकाच्या दारातून मालकाची सर्वांत आवडती वस्तू आम्ही तण म्हणून समूळ नष्ट केली, आणि इतिवृत्तात नोंद झाली, ‘एकमताने मंजूर’. निःपक्षपाती प्रतिनिधी म्हणाल तर ती होती; पण ती बाई समितीची सभासद नव्हती आणि तिला विचारावे असे आम्हां सुशिक्षितांपैकी एकालाही सुचले नाही.

ही गोष्ट आम्ही इतकी वाढवून सांगतो याचे दुसरेही एक कारण आहे. गवताविषयीचा हा शब्द फार चटकन माणसांवर उडी घेतो. न्यायालयाच्या ओसरीवर आम्ही तो ऐकला आहे. कूळ, भाडेकरू, दुसऱ्या प्रांतातून आलेला मजूर, सीमेच्या अलीकडचा वा पलीकडचा, यांच्याविषयी बोलताना एखादा अशील सहज म्हणून जातो, “हे तण माजले आहे, साफ केले पाहिजे.” हा लेख बेळगावात, इंदुरात, बडोद्यात वाचणाऱ्या आमच्या बांधवांस हे अधिक सांगावयास नको, पिढ्यान् पिढ्या एका मातीत राहूनही ‘तुम्ही मूळचे कोठले’ हा प्रश्न त्यांनी ऐकला आहे. गवताची बाजू ऐकण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही, म्हणून माळ्याचा एकतर्फी निकाल आपण नाइलाजाने चालवून घेतो. माणसाला वाचा आहे. त्याच्यासाठी तण हा शब्द वापरला की पहिली गोष्ट घडते ती ही, की त्याचे म्हणणे ऐकण्याची गरज संपते. किंबहुना त्यासाठीच तो शब्द वापरला जातो, असा आमचा अनुभव आहे. ज्या अशिलाच्या तोंडी तो येतो त्याला आम्ही अलीकडे मध्येच थांबवून समोरच्या पक्षाचे नाव विचारतो. नाव घेतल्यावर तोच शब्द पुन्हा उच्चारणे त्याला थोडे जड जाते.

असो. दूर्वेने मात्र आमच्या पश्चात्तापाची वाट पाहिली नाही. गेल्या पावसाळ्यात घुमटीच्या जोत्याच्या फटीतून, जेथे औषध पोहोचले नव्हते, ती बाहेर आली आणि गालिच्याच्या कडेने हातभर आत शिरली. ठेकेदाराने पाहणी करून कळविले आहे की, दोन्ही गवतेच असल्याने एकास मारून दुसरे राखील असे औषध तो देऊ शकत नाही; हाताने वेचावी लागेल, अथवा तेवढा पट्टा उखडून पुन्हा फवारावा लागेल. फवारणीबद्दल आम्ही त्यास लिहिले की, त्याच्या औषधातील ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरात निर्बंध घातले असून तो कीडनियंत्रण व्यावसायिकाखेरीज कोणी करावयाचा नाही. त्याने आपला परवाना दाखवावा. उत्तर अद्याप आले नाही. दरम्यान त्याचे अंदाजपत्रक समितीपुढे आहे. काही सभासदांचे म्हणणे, पैसे खर्चून केलेली हिरवळ अशी बिघडू देणे हाही विश्वस्तांचा निष्काळजीपणाच. आणि हे म्हणणे अगदीच पोकळ आहे असे आम्हांस म्हणता येत नाही. भाविकांची मुले त्या हिरवळीवर खेळतात, प्रवचनास लोक तेथे बसतात, त्यांनाही ती आवडते.

पुढील सभा चवथीच्या आधी आहे. मसुदा पुन्हा आमच्याकडेच आला आहे. आम्ही घुमटीभोवती तीन हात रुंदीचा पट्टा आखून दिला आहे, त्या बाईला निरोप धाडला आहे, आणि ती पट्टा पाहून काय सांगते ते कळेपर्यंत व्याख्येचे कलम कोरे ठेवले आहे.