पाहणे आणि घेणे

फिलिपिन्सची सहल करून परतलेल्या आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने गेल्या वर्षी आम्हांस पांढऱ्या प्रवाळाची एक लहानशी फांदी भेट दिली. धाकट्या मुलाने ती स्वतः समुद्रतळावरून उचलली होती. डोळ्यांवर काचेचा मुखवटा आणि तोंडात श्वासाची नळी लावून, पाण्यावर पालथे तरंगत खालची रंगीत सृष्टी कशी पाहिली, हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. आम्ही त्याचे कौतुक केले आणि फांदी टेबलावर, क्रुसापाशी ठेवली. आज तिच्याकडे पाहताना आमचे मन अस्वस्थ होते.

नुसत्या पाहण्याने कोणाचे काय जाते, असे आपण म्हणतो. परंतु प्रवाळ हा दगड नव्हे. सूक्ष्म जीवांनी पिढ्यान्‌पिढ्या चुन्याचे बांधलेले ते घर आहे. शिळेसारखे गोल प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढते. पोहणाऱ्याच्या पायातील रबरी पंखाचा एक फटका अनेक वर्षांचे बांधकाम क्षणात मोडू शकतो. पाहण्याची हाव घेण्याच्या हावेपासून फार दूर नसते. संत ऑगस्टीन यांनी डोळ्यांच्या वासनेविषयी सावध केले, ते उगाच नव्हे.

त्याच देशात नेग्रोस बेटाजवळ आपो नावाचे चिमुकले बेट आहे. सुरुंग आणि विष वापरून केलेल्या मासेमारीने तेथील समुद्र ओस पडू लागला होता. दुमागेते येथील सिलिमन विद्यापीठाचे शास्त्रज्ञ आंखेल अल्काला यांनी कोळ्यांशी पुनःपुन्हा संवाद साधला. अखेर १९८२ साली बेटवासीयांनी प्रवाळखडकाचा एक लहान हिस्सा राखून ठेवला. तेथे कोणीही जाळे टाकायचे नाही, असे ठरले. चार पैशांची चणचण असलेल्या माणसांनी घराशेजारचे मासे सोडून द्यायचे, ही साधी गोष्ट नव्हती. कालांतराने मासे वाढले आणि राखीव हद्दीबाहेरही मिळू लागले. मग कासवे आणि मासे पाहण्यासाठी प्रवासी येऊ लागले.

येथेच आमच्या प्रश्नाचे मर्म आहे. प्रवाशाला जे सौंदर्य दिसते, ते कोणीतरी न घेतल्याचे फळ असते. तिकिटाचे पैसे दिले म्हणून ते ऋण फिटत नाही.

मग कोणी जाऊच नये काय? तसेही नाही. प्रवाशांमुळे बेटावरील कुटुंबांना होडीचे भाडे मिळते, निवाऱ्याचा मोबदला मिळतो. मात्र जाणाऱ्याने मालक म्हणून नव्हे, पाहुणा म्हणून जावे. फिलिपिन्सच्या महागुरूंनी १९८८ सालच्या मेषपालीय पत्रात आपल्या उद्ध्वस्त होणाऱ्या भूमीविषयी आणि सागराविषयी शोक व्यक्त केला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाऊदातो सी’ या विश्वपत्रात प्रवाळांविषयी लिहिताना त्याच पत्राचा आधार घेतला. सृष्टी आपल्याकडे सोपविलेली आहे, बहाल केलेली नाही, हे आम्ही व्यासपीठावरून अनेकदा सांगितले आहे. पावसाळ्यात, मासळीच्या विणीच्या काळात, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवणारे आमचे कोळी बांधव ते प्रवचनाविनाही जाणतात.

आम्ही मात्र फांदी हाती येताच हे सारे विसरलो. आपल्या देशातही प्रवाळांना कायद्याचे संरक्षण आहे, याचीही आठवण आम्हांस झाली नाही. एका मुलाचा आनंद मोडू नये, एवढेच मनात होते.

आता त्याला बोलावून सांगावयास हवे, हे आम्ही जाणतो. अद्याप सांगितलेले नाही. तो निरागसपणे विचारील, “फादर, मग तुम्ही ती का घेतलीत?” त्याला दोष देण्यापूर्वी या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर आम्हांलाच द्यावे लागेल. तोवर ती फांदी क्रुसापाशीच राहील. शोभेसाठी नव्हे, कबुली म्हणून.