आरोपीची बाजू आणि अन्यायाची बाजू

माझी भाची कायद्याचे उच्च शिक्षण घेत आहे. ईदच्या दुसऱ्या दिवशी सारे कुटुंब एकत्र बसले असता तिने मला विचारले, “मामू, हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयांत आरोपींच्या वतीने ज्येष्ठ वकील उभे राहतात. वंशसंहाराचा आरोप असलेल्या माणसाचीही बाजू ते मांडतात. मुस्लिम वकिलाने हे काम पत्करावे का? आणि तो आरोप मुसलमानांच्याच कत्तलीचा असेल तर?”

बैठकीतील बहुतेकांनी तत्काळ निकाल दिला : अशा कमाईला हात लावू नये. माझेही मन प्रथम तिकडेच झुकले. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा येथे आठ हजारांच्या आसपास बोस्नियन मुस्लिम पुरुष आणि मुलगे ठार करण्यात आले. त्या कत्तलीच्या आरोपीशेजारी आपल्या घरची मुलगी काळा झगा घालून उभी आहे, ही कल्पनाच सहन होत नव्हती. पण मनाला न सोसणे हा शरीअतचा पुरावा नव्हे, म्हणून त्या रात्री मी पवित्र कुरआन उघडला.

या प्रश्नाला सर्वांत जवळची आयत सूरह निसामध्ये आहे. १०५ व्या आयतीत प्रेषितांना (स.) विश्वासघातक्यांचा कैवार घेऊन वाद घालू नये, अशी ताकीद आहे. वरवर पाहता प्रश्न इथेच मिटतो. परंतु या आयती कोणत्या प्रसंगी अवतरल्या, हे भाष्यकारांनी नोंदवून ठेवले आहे. मदीनेतील एका मुसलमान म्हणविणाऱ्या माणसाने चिलखत चोरले आणि चोरीचा आळ एका यहुद्यावर ढकलला. त्याच्या कबिल्याचे लोक प्रेषितांपुढे (स.) येऊन आपल्या माणसासाठी गळा काढू लागले. बाह्य पुरावा यहुद्याच्या विरुद्ध होता. तेव्हा दिव्य प्रकटन झाले आणि तो यहुदी निर्दोष ठरला. पुढे ११२ व्या आयतीत स्वतःचे पाप निरपराधाच्या माथी मारणाऱ्याला मोठ्या पापाचा धनी म्हटले आहे.

म्हणजे ज्या आयतींच्या आधारे आपण वकिलाला दूर लोटू पाहतो, त्याच आयतींनी एका परक्या समाजाच्या, एकट्या पडलेल्या आरोपीची बाजू राखली. त्यांनी निषिद्ध ठरवले ते जाणूनबुजून असत्याचा कैवार घेणे, आणि तोही आपला माणूस म्हणून. आरोपीचे म्हणणे ऐकून घेणे ही वेगळी गोष्ट आहे. प्रेषितांनी (स.) ह. अली (र.) यांना काझी म्हणून यमनला पाठविताना, दोन पक्षांपैकी दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय निवाडा करू नये, अशी शिकवण दिली होती. आता दुसऱ्या पक्षाला त्या देशाची भाषा येत नसेल, कायदा ठाऊक नसेल, समोर प्रशिक्षित सरकारी वकिलांचा ताफा असेल, तर त्याचे ‘ऐकणे’ वकिलाशिवाय कसे घडणार?

बोस्नियातील एका खटल्याकडे पाहू. १६ एप्रिल १९९३ रोजी पहाटे अहमिची या गावावर क्रोएट सैनिकांनी हल्ला केला. शंभराहून अधिक मुसलमान मारले गेले, गावातील मशिदी उद्ध्वस्त झाल्या. युगोस्लाव्हियासाठी स्थापन झालेल्या हेगच्या न्यायाधिकरणाने जानेवारी २००० मध्ये कुप्रेश्किच घराण्यातील झोरान, मिर्यान आणि व्लात्को या तिघांना दोषी ठरविले. झोरान आणि मिर्यान यांची ओळख प्रामुख्याने एका साक्षीदार मुलीने पटवली होती. हल्ल्याच्या वेळी ती अवघी तेरा वर्षांची होती. बचावपक्षाच्या वकिलांनी अपिलात त्या ओळखीचा धागा न् धागा तपासला. खात्रीने बोलणे आणि अचूक ओळखणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, असा अपील न्यायपीठाच्या निकालाचा रोख होता. २३ ऑक्टोबर २००१ रोजी तिघेही मुक्त झाले. तोवर चार वर्षे कोठडीत गेली होती. इतर दोघांचा अपराध मात्र कायम राहिला, शिक्षेची मुदत तेवढी कमी झाली.

हे वाचताना माझ्या मनाची ओढाताण झाली, हे कबूल करतो. त्या मुलीचे घर जळाले होते. तिच्यावर अविश्वास दाखविणारा वकील मला क्षणभर शत्रूच वाटला. पण ते तिघे त्या घरात नव्हतेच, असे असेल तर? तर त्यांना तुरुंगात ठेवल्याने अहमिचीच्या शहिदांना कोणता न्याय मिळाला असता? खरा मारेकरी मोकळा आणि त्याच्या जागी दुसरा कोणी बंदिस्त, हा चिलखताच्या चोरीचाच प्रकार झाला असता. एखाद्या समुदायाचा द्वेष तुम्हाला न्यायापासून ढळवू नये, हा सूरह माइदाच्या आठव्या आयतीतील आदेश आपण व्यासपीठांवरून पुष्कळ सांगतो. आपल्याच प्रेतांसमोर उभे राहून तो पाळायचा असतो, हे मात्र सोयीस्करपणे विसरतो.

आणि आरोपी नेहमी परकेच असतात असेही नाही. चेलेबिची छावणीत सर्ब कैद्यांवर अत्याचार केल्याबद्दल याच न्यायाधिकरणाने १९९८ मध्ये दोन बोस्नियन मुसलमानांनाही शिक्षा दिली. स्रेब्रेनित्साचा मुस्लिम सेनानी नासेर ओरिच २००६ मध्ये दोषी ठरला आणि २००८ मध्ये अपिलात सुटला. त्याच्या वकिलांना आपल्यापैकी कोणी नावे ठेवली नसती. आपल्या मुंबईतच पाहा. २६/११ च्या खटल्यात फहीम अन्सारी यांचा बचाव करणारे अॅड. शाहिद आझमी यांची फेब्रुवारी २०१० मध्ये कुर्ल्यात हत्या झाली. काही महिन्यांत फहीम अन्सारी निर्दोष सुटले आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. तेव्हा आपण वकिलाचे मोल ओळखले. ‘अशा आरोपीला वकील कशाला’ असे म्हणणारे लोक तेव्हा आपल्याला अन्यायी वाटत होते.

तरीही या व्यवसायात आगीचा भाग आहे, आणि तो मी भाचीपासून लपविला नाही. एखाद्याच्या वाक्चातुर्यामुळे आपण त्याच्या बाजूने निवाडा दिला आणि हक्क दुसऱ्याचा असला, तर त्याने अग्नीचा तुकडाच घेतला, अशा आशयाची हदीस बुखारी व मुस्लिममध्ये आहे. खुद्द प्रेषितांच्या (स.) न्यायासनासमोर ही भीती, तर हेगच्या अठरा न्यायाधीशांची काय कथा! आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात मुख्य वकील होण्यासाठी किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो. तेथील आचारसंहिता न्यायालयाची जाणीवपूर्वक दिशाभूल करण्यास मनाई करते. काँगोच्या बेम्बा यांच्या खटल्यात त्यांचे मुख्य वकील किलोलो यांनाच साक्षीदारांना फितवल्याबद्दल २०१६ मध्ये दोषी ठरविण्यात आले. म्हणजे रेषा कोठे आहे हे तेथील कायद्यालाही ठाऊक आहे. पुरावा तपासणे या बाजूला, पुरावा बनवणे त्या बाजूला. मुलगे गमावलेल्या आईला तारीख आणि ठिकाण विचारता येते. तिच्या दुःखाची थट्टा करून तिला गोंधळवणे, कायद्याने चालले तरी, मोमिनाला शोभत नाही. येथे पंचाईत अशी की उलटतपासणीच्या भरात ही सीमा कधी ओलांडली गेली, हे वकिलाला स्वतःलाही कळत नाही. याचे तयार उत्तर माझ्यापाशी नाही.

भाचीने शेवटी तोच प्रश्न विचारला, जो मी टाळत होतो. “आणि त्याने केले आहे, हे मला ठाऊक असेल तर?”

मी तिला द्राझेन एर्देमोविचची हकीकत सांगितली. सर्ब सैन्यातील हा तरुण सैनिक. स्रेब्रेनित्साच्या कैद्यांवर आपण गोळ्या झाडल्या, सत्तरच्या आसपास माणसे मारली असावीत, हे त्याने स्वतःहून कबूल केले. नकार दिला तर तूही त्यांच्या रांगेत उभा राहा, असे आपल्याला सांगितले गेले, असे त्याचे म्हणणे होते. १९९६ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. अपील न्यायपीठाला आढळले की, कोणता गुन्हा कबूल केल्याने काय परिणाम होतात हे त्याला नीट समजावलेच गेले नव्हते. प्रकरण परत पाठविले गेले आणि १९९८ मध्ये शिक्षा पाच वर्षांवर आली. जिवाची धमकी असली तरी निरपराधाचा जीव घेणे माफ होत नाही, असे न्यायाधीशांच्या बहुमताने म्हटले. आपल्या फुकहांचे मतही याहून वेगळे नाही. त्याच्या वकिलाने ‘त्याने केलेच नाही’ असे म्हटले नाही. कोणत्या स्थितीत केले, एवढेच मांडले. पुढे याच माणसाने जनरल क्रिस्तिच यांच्याविरुद्ध साक्ष दिली. त्या खटल्यात २००१ मध्ये आणि अपिलात २००४ मध्येही स्रेब्रेनित्साची कत्तल हा वंशसंहारच होता, असे ठरले. बचावपक्षाने आक्षेप घेण्यात काहीही कसर ठेवली नव्हती, अपिलात आरोपीची जबाबदारी आणि शिक्षा कमीही झाली, आणि तरीही तो शब्द टिकला. आज कत्तल नाकारणाऱ्यांपुढे तोच निकाल ठेवता येतो.

“मग मी अर्ज करू का?” तिने विचारले.

मी म्हणालो, “इस्तिखारा कर. आणि आधी तुझ्या अम्मीशी बोल, ती अजून रागावलेली आहे.”