जामीन कोण?

आमच्या मोहल्ल्यात चहाची गाडी लावणारा एक तरुण मागे आमच्याकडे आला होता. त्याला छोटे हॉटेल टाकायचे होते. चार टेबले, एक शेगडी, एक फ्रीज. सरकारी योजनेतून कर्ज मिळण्यासाठी त्याने सगळे कागद जमवले होते. कार्यालयात सांगितले गेले, “पगारदार जामीन आणा.” तो म्हणाला, “सर, तुम्ही सही कराल का?”

आम्ही “बघू” म्हणालो. आमचे ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे त्याला कळले. चहा न घेताच तो गेला.

तेव्हापासून एक प्रश्न आमची पाठ सोडत नाही. भेदभाव म्हणजे नेमके काय? “तू मुसलमान आहेस, तुला कर्ज नाही,” असे त्याला कुणीही म्हटले नव्हते. नियम सर्वांना सारखाच होता. पण ज्याच्या नात्यागोत्यात एकही पगारदार नाही, त्याला हा सारखा नियम सारखा कसा लागू होणार?

सरकारी पैसा ही जनतेची अमानत आहे, तो परत यायला हवा, हे आम्हांला मान्य आहे. खबरदारी हा गुन्हा नव्हे. पण खबरदारीने माणूस पाहावा, पत्ता पाहू नये. काही बँकांनी विशिष्ट वस्त्या कर्जासाठी ‘नकारात्मक’ ठरवल्याची नोंद 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात आहे. तिथे माणसाची पत तपासण्याआधीच त्याची गल्ली नापास होते. राज्यात 2000 साली मौलाना आझाद यांच्या नावाने अल्पसंख्याकांसाठी आर्थिक विकास महामंडळ झाले, 2015 साली बिनतारण मुद्रा कर्ज आले. दारे वाढली, ही चांगलीच गोष्ट. पण उंबरठ्याची उंची कोण मोजणार?

आम्ही कोल्हापूरकर. याचे उत्तर आमच्या शहराने शंभर वर्षांपूर्वीच पाहिले आहे. राजवाड्याच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना पैसे देऊन स्वतंत्र धंदा काढायला लावला. भाऊसिंगजी रोडवर त्यांचे हॉटेल सुरू झाले. पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले, सोबतच्यांनाही पाजू लागले.

भांडवल खजिन्यातून देता येते, इज्जत मात्र स्वतः जाऊन द्यावी लागते. महाराजांनी जामीन मागितला नाही. भर रस्त्यात चहा पिऊन ते स्वतःच जामीन झाले.

1906 साली याच राजाने कोल्हापुरात मुस्लिम मुलांच्या शिक्षणाची सोय उभी केली. त्या वाटेने शिकून आमच्यातले कितीतरी पगारदार झाले. मग प्रश्न सरकारपुरता उरत नाही. कार्यालयाने जे नियमाच्या आड केले, तेच आम्ही ‘बघू’च्या आड केले. शिवाय आपल्यातही कुणाच्या घरचे खावे, कुणाशी सोयरीक करावी, हे बिरादरी पाहून ठरतेच ना? इन्साफ मागणाऱ्याने आधी तो आपल्या दारात करून दाखवावा लागतो.

सरकारला जाब विचारलाच पाहिजे. जामिनाची अट कुणाला बाहेर ठेवते, हे त्याला सांगितलेच पाहिजे. पण तोवर?

त्या तरुणाची गाडी अजून त्याच कोपऱ्यावर आहे. शाळा सुटल्यावर आम्ही तिकडूनच जातो. या वेळी थांबायचे, चहा घ्यायचा आणि तो कागद मागायचा, असे ठरवले आहे.