स्वत्व, त्याग आणि आधीच भरलेला संगणक

विकत घेतलेली वस्तू घेणाऱ्याची नेमकी केव्हा होते, हा प्रश्न व्यवहारात सोपा वाटतो, कारण पैसे दिले, पावती घेतली आणि वस्तू घरी आणली की तो संपला असे सर्वजण धरून चालतात. परंतु भारतीय धर्मशास्त्रकारांनी आणि नैयायिकांनी याच प्रश्नावर कित्येक शतके अत्यंत गंभीरपणे वाद केला आणि त्या वादाला ‘स्वत्वविचार’ असे नाव आहे. स्वत्व म्हणजे एखादी वस्तू कोणाची तरी ‘स्व’ असणे, आजच्या भाषेत मालकी. हा विचार ग्रंथालयातल्या पोथ्यांपुरता उरला आहे अशी समजूत असली, तरी नवा संगणक पहिल्यांदा सुरू करणाऱ्या प्रत्येक माणसासमोर तो आज पुन्हा उभा राहतो. पेटीतून नुकताच काढलेला लॅपटॉप सुरू होताच त्यावर महिनाभराच्या मुदतीचा अँटिव्हायरस, कोणी न मागितलेले खेळ, खरेदीची दुकाने आणि उत्पादकाचे स्वतःचे ‘साहाय्यक’ कार्यक्रम आधीपासून ठाण मांडून बसलेले दिसतात. अशा सॉफ्टवेअरला ‘ब्लोटवेअर’, म्हणजे यंत्राला विनाकारण फुगवणारे सॉफ्टवेअर, असे म्हणतात. आणि ते काढून टाकण्यात जाणारी दुपार ही केवळ तांत्रिक कटकट मानली जाते. प्रत्यक्षात त्या दुपारी घडते ते स्वत्वाच्या सिद्धीचे अपुरे राहिलेले काम असते.

स्वत्वाचे प्रचलित लक्षण ‘यथेष्टविनियोगार्हत्व’ असे केले जाते. विनियोग म्हणजे उपयोग, यथेष्ट म्हणजे इच्छेप्रमाणे. तेव्हा ज्या वस्तूचा आपल्या इच्छेप्रमाणे उपयोग करण्यास मनुष्य पात्र आहे ती त्याची, असा त्याचा अर्थ. सोळाव्या शतकातील नवद्वीपचे नव्यनैयायिक रघुनाथ शिरोमणी यांनी या लक्षणावर मर्मभेदी आक्षेप घेतला. उपयोग म्हणजे खाणे असे म्हटले तर दुसऱ्याचे अन्नही खाता येते. ते खाणे शास्त्राने निषिद्ध केले आहे असे म्हटले, तर दुसऱ्याची वस्तू घेऊ नये असे सांगणारा तो निषेधच ‘दुसऱ्याची’ म्हणजे काय हे आधी कळल्याशिवाय समजत नाही, आणि लक्षण स्वतःभोवतीच फिरत राहते. म्हणून रघुनाथांनी स्वत्व हा इतर कशातही न विरघळणारा स्वतंत्र पदार्थ मानला. येथे पदार्थ या शब्दाचा अर्थ अस्तित्वाचा मूलभूत प्रकार असा आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्याला वापरता येते, हा रघुनाथांचा पेच होता. संगणकाच्या बाबतीत तो उलट बाजूने येतो, कारण येथे वस्तू आपली असूनही तिचा एक भाग आपल्या इच्छेप्रमाणे वापरता येत नाही, एवढेच नव्हे तर न वापरण्याची इच्छाही पुरी करता येत नाही.

या पेचातून वाट काढण्यासाठी रघुनाथांहून चार-पाच शतके जुन्या विज्ञानेश्वरांकडे जावे लागते. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्य सहावा (१०७६ ते ११२६) याच्या काळात त्यांनी याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेली मिताक्षरा ही टीका महाराष्ट्रात वारसा आणि मालमत्ता यांविषयी शतकानुशतके प्रमाण मानली गेली. दान म्हणजे देणाऱ्याने आपले स्वत्व निवृत्त करून दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करणे, आणि ते दुसऱ्याचे स्वत्व त्याने स्वीकार केल्यावरच पूर्ण होते, अशी मिताक्षरेची मांडणी आहे. म्हणजे वस्तूच्या हस्तांतरात दोन कृती असतात, एकाची निवृत्ती आणि दुसऱ्याचा स्वीकार, आणि दोहोंपैकी एक जरी लंगडी राहिली तरी स्वत्व लंगडे राहते. स्वीकाराचेही तीन प्रकार सांगितले आहेत: मनाने ‘हे माझे’ असा निश्चय करणे हा मानस, तसे बोलून दाखवणे हा वाचिक, आणि हाताने घेणे किंवा स्पर्श करणे हा कायिक. सोने किंवा वस्त्र हातात घेता येते, म्हणून तेथे तिन्ही स्वीकार एकाच क्षणी घडू शकतात. शेत मात्र हातात घेता येत नाही, त्यामुळे शेताच्या बाबतीत थोडा तरी उपभोग घडल्याशिवाय कायिक स्वीकार झाला असे म्हणता येत नाही. हे विवेचन दानाच्या प्रसंगाने आले असले, तरी निवृत्ती आणि स्वीकार ही जोडी खरेदीलाही तितकीच लागू पडते.

संगणक दुकानातून हातात घेऊन आणता येतो, म्हणून तो सोन्यासारखा वाटतो. परंतु स्वभावाने तो शेतासारखा आहे. त्याचे मोल त्याच्या धातूत आणि काचेत नसून त्यात काय पेरले जाते आणि त्यातून काय उगवते यात आहे, आणि म्हणून त्याचा स्वीकार पेटी उचलल्याने पूर्ण होत नाही. आधीच भरलेले सॉफ्टवेअर म्हणजे शेत विकल्यावरही जुन्या मालकाने आपला वाटेकरी बांधावर बसवून ठेवण्यासारखे आहे. उत्पादक पैसे घेतो, यंत्र देतो, पण त्यातील काही जागा, काही स्मृती आणि पडद्याचा काही कोपरा तिसऱ्याच कंपन्यांना आधी देऊन ठेवतो, आणि त्याचा मोबदलाही घेतो. निवृत्ती झालेली नसते. झालेला असतो तो निवृत्तीचा देखावा.

ही निवृत्ती किती महाग असू शकते, हे २००८ साली उघड झाले. त्या वर्षी मार्च महिन्यात सोनीने आपल्या काही लॅपटॉपवर अनावश्यक कार्यक्रम न भरता यंत्र देण्याची ‘फ्रेश स्टार्ट’ नावाची सोय ठेवली आणि तिच्यासाठी सुमारे ५० डॉलर आकारले. ओरड होताच हे शुल्क तातडीने रद्द करण्यात आले. शुल्क मागे घेतले गेले हे खरे, पण त्या आकारणीने एक गोष्ट कबूल केली होती: विकणाऱ्याने वस्तूवरचा आपला हात पूर्णपणे काढून घेणे ही विक्रीत अंतर्भूत असलेली क्रिया न राहता स्वतंत्रपणे विकण्याजोगी वस्तू बनली होती.

स्वीकाराची बाजू याहून गंभीर आहे. लेनोव्होने २०१४ पासून विकलेल्या काही ग्राहकवर्गीय लॅपटॉपमध्ये ‘सुपरफिश’ या कंपनीचे जाहिराती घुसवणारे सॉफ्टवेअर आधीच भरलेले होते. संकेतस्थळ खरेच ज्याचे म्हणवते त्याचेच आहे याची खूण संगणक ज्यावरून ओळखतो, त्या मूळ प्रमाणपत्रांच्या यादीत या सॉफ्टवेअरने स्वतःचे प्रमाणपत्र घातले, आणि त्यामुळे बँकेशी होणारा सांकेतिक, बंदिस्त व्यवहारही त्याला उघडून पाहता येऊ लागला. प्रत्येक यंत्रात एकच गुप्त किल्ली वापरलेली असल्याने २०१५ च्या फेब्रुवारीत ती उलगडली गेली, तेव्हा कोणाही तिऱ्हाइताला बँकेचे सोंग घेणे शक्य झाले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीत यातील एक तपशील नोंदलेला आहे आणि स्वत्वविचाराच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे: ग्राहकाला एकदाच एक सूचनापटल दिसे, आणि त्याने ते बंद केले तरी संमती दिली असे धरले जाई. नकारासाठी हललेले बोट येथे स्वीकार म्हणून मोजले गेले. कायिक स्वीकाराचे सोंग उभे राहिले, वाचिक घडलेच नाही आणि मानस तर विरुद्ध दिशेला होता. २०१७ साली या प्रकरणात आयोगाबरोबर तडजोड झाली आणि ३२ राज्यांना मिळून ३५ लाख डॉलर देण्याचे ठरले.

मिताक्षरेच्या परंपरेत अशा आधीच भरलेल्या सॉफ्टवेअरला जवळचा शब्द शोधायचा तर तो ‘उपनिधी’ हा आहे. आत काय आहे हे न सांगता, मुद्रा लावून बंद केलेले भांडे दुसऱ्याच्या घरी ठेवायला देणे, याला उपनिधी किंवा औपनिधिक म्हणतात, आणि ते ज्याच्याकडे ठेवले त्याने ते जसेच्या तसे परत करावे असा दंडक आहे. पण तेथे ठेव ठेवणारा घरमालकाच्या संमतीने ठेवतो. आधीच भरलेल्या संगणकात ठेव न विचारता येते, विजेचा आणि जागेचा खर्च घरमालकच सोसतो, आणि भांड्यातून होणारा लाभ मात्र ठेवणाऱ्याला मिळतो.

याविरुद्ध एक न्याय्य आक्षेप आहे आणि तो टाळणे योग्य नाही. कार्यकारी प्रणालीशिवाय, म्हणजे यंत्राचे सर्व भाग एकत्र चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरशिवाय, संगणक बहुतेकांना निरुपयोगी असतो, आणि आधी भरलेले सगळेच परके मानले तर चुलीसह मिळालेले घरही सदोष म्हणावे लागेल. फ्रान्समधील एका ग्राहकाने २००८ च्या डिसेंबरात घेतलेल्या सोनीच्या लॅपटॉपवर पहिल्याच वेळी विंडोज व्हिस्टाचा परवाना मान्य करण्यास नकार दिला आणि सॉफ्टवेअरचे पैसे परत मागितले, तेव्हा कंपनीने संपूर्ण यंत्र परत घेऊन ५४९ युरो देण्याची तयारी दाखवली, पण फक्त सॉफ्टवेअरचा भाग वेगळा करण्यास नकार दिला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१६ साली असे ठरवले की सॉफ्टवेअरसह संगणक विकणे ही केवळ तेवढ्यावरून अनुचित व्यापारप्रथा ठरत नाही; खरेदीदाराला आधी नीट माहिती दिलेली होती आणि बहुतेक ग्राहकांना चालू स्थितीतले यंत्रच हवे असते, हे विचार त्यामागे होते. निर्णय व्यवहाराला धरून आहे, तरीही त्यात एक उणीव राहते. त्या ग्राहकाने स्वीकाराचे तिन्ही प्रकार स्पष्टपणे नाकारले होते, आणि त्या नकाराला जागा मिळाली ती सगळे घ्या किंवा सगळे सोडा एवढीच.

अशा स्थितीत यंत्राचा मालक काय करतो, याकडे आता नव्या दृष्टीने पाहता येते. नवे भांडे वापरण्यापूर्वी घासून घ्यावे हे मराठी घरांत कोणाला शिकवावे लागत नाही, आणि द्रव्यशुद्धी, म्हणजे वस्तूंची शुद्धी, हा धर्मशास्त्रातला स्वतंत्र विषय आहे. बोलीत ज्याला ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात, म्हणजे साठवणुकीची तबकडी पूर्ण रिकामी करून स्वच्छ कार्यकारी प्रणाली पुन्हा बसवणे, ती क्रिया या शुद्धीच्या आणि शेतातील पहिल्या नांगरटीच्या जवळची आहे: तिच्याने उपभोग सुरू होतो आणि कायिक स्वीकार पुरा होतो. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला संगणकाला हळदकुंकू वाहणारा माणूस ज्याला आपले उपकरण मानतो, ते उपकरण खऱ्या अर्थाने त्याचे होण्याचा क्षण हाच म्हणता येईल.

परंतु ही शुद्धीही पुरती नसते. सुपरफिशचा कार्यक्रम काढला तरी त्याचे प्रमाणपत्र यंत्रात मागे राही आणि ते वेगळे शोधून काढावे लागे. कृत्य संपले तरी चित्तात उरणाऱ्या ठशाला योगशास्त्र संस्कार म्हणते, त्याची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. त्याहून खोल ठसा २०१५ सालीच आढळला. यंत्र सुरू होताना सर्वांत आधी जागे होणारे, मुख्य पटलावरच्या चिपमध्ये राहणारे सॉफ्टवेअर, ज्याला फर्मवेअर म्हणतात, त्यातून उत्पादकाचा कार्यक्रम विंडोजच्या हाती देण्याची एक अधिकृत व्यवस्था आहे, आणि लेनोव्होच्या काही यंत्रांत तिच्यामुळे तबकडी पूर्ण पुसून विंडोज नव्याने बसवल्यावरही तो कार्यक्रम परत येत असे. पुढे कंपनीने तो काढण्यासाठी फर्मवेअरची सुधारित आवृत्ती दिली. मालकाने शेत नांगरले तरी बी मातीखालच्या खडकात होते.

विज्ञानेश्वरांचा सर्वांत धाडसी सिद्धान्त येथे कसाला लागतो. स्वत्व हे शास्त्रावरूनच कळते असे म्हणणाऱ्यांना त्यांनी उत्तर दिले की ते लौकिक आहे, लोकव्यवहाराने सिद्ध आहे. शास्त्र ज्यांना ठाऊकही नाही असे दूरच्या सीमेवरचे लोकसुद्धा खरेदी-विक्री करतात आणि ‘हे माझे’ म्हणजे काय ते जाणतात. आहवनीय हा यज्ञातला अग्नी मात्र शास्त्रावाचून कळत नाही. त्यावर भात शिजवता येईल, पण तो अग्नी म्हणून, आहवनीय म्हणून नव्हे. सतराव्या शतकात पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठांनी व्यवहारमयूखातही स्वत्व लौकिकच मानले. सॉफ्टवेअरचे परवाने याच्या अगदी उलट बोलतात. त्यांच्या मते ग्राहकाला मिळते ते केवळ उत्पादकाच्या कलमांनी ठरवलेले, मर्यादित वापराचे अनुज्ञापत्र. लोक त्यांना न विचारता आजही ‘माझा लॅपटॉप’ असेच म्हणतात, आणि विज्ञानेश्वरांच्या न्यायाने त्या म्हणण्याला कलमांपेक्षा अधिक वजन आहे.

तरी पूर्वपक्षाला, म्हणजे खंडन करण्यासाठी आधी मांडल्या जाणाऱ्या विरोधी मताला, आज नवे बळ मिळालेले दिसते. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्ट या २०२२ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना आपली आधी भरलेली बहुतेक ॲप काढू देणे बंधनकारक केले, आणि त्याची बंधने २०२४ च्या मार्चपासून लागू झाल्यावर त्या प्रदेशात विंडोजवरून एज हा ब्राउझर काढता येऊ लागला. त्याच बनावटीचे यंत्र पुण्यात घेतले तर त्या ब्राउझरपुढे ‘अनइन्स्टॉल’चे बटण मालकाच्या हाती येत नाही. पॅरिसमध्ये आणि पुण्यात लोकव्यवहार सारखाच आहे, दोन्हीकडे पैसे मोजून यंत्र घेतले जाते आणि दोन्हीकडे ते ‘माझे’ म्हटले जाते. तरीही एका ठिकाणी ते अधिक आपले आहे, आणि तो फरक केवळ लिखित नियमाने निर्माण केलेला आहे.