मातीखालचा बटाटा



आगमनकाळाच्या तोंडावर थंडी पडू लागली की आपल्यापैकी काहींना परसात बटाटे लावायची हौस येते. वांगी, मिरची, वाल आपल्याला नवे नाहीत. बटाटा मात्र आपण बाजारातूनच आणत आलो. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, आणि त्याचे नाव आपण पोर्तुगिजांकडून घेतले. लावायला तो अवघड नाही. कोंब फुटलेला निरोगी बटाटा घ्यावा. मोठा असल्यास प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे राहतील असा कापून एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यावा आणि शेणखत घातलेल्या भुसभुशीत मातीत 7-8 सेंटिमीटर खोल, वीतभर अंतरावर लावावा. पाणी बेताचेच द्यावे, साचले तर कुजतो. जागा नसेल तर जुनी गोणीही चालते.

खरे काम पुढे आहे. रोप वीतभर झाले की बुंध्याशी माती ओढावी लागते, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. बटाटा हे मूळ नव्हे, जमिनीतल्या खोडाचे ते फुगलेले टोक असते. मातीतून वर आलेला बटाटा उजेडाने हिरवा पडतो आणि त्यात सोलानिन नावाचे विष वाढते. तो कडू लागतो, उकडूनही ते विष जात नाही. असा बटाटा खाऊ नये, मुलांना तर मुळीच देऊ नये.

दान गुपचूप करावे, ही प्रभू येशूची शिकवण आपण दर राखेच्या बुधवारी शुभवर्तमानात ऐकतो. हिरव्या बटाट्याला स्वतःचा कडूपणा कळत नाही, तो खाणाऱ्याला कळतो. शेजाऱ्याच्या आजारपणात आपण दहा हजार दिले आणि पुढच्या लग्नात मांडवात चार जणांना सांगितले. पैसे तेच, औषधेही त्यातूनच आली. पण ते घर मिस्सेनंतर आपली नजर चुकवून बाजूच्या दाराने निघून जाते. वर आपण त्यांना कृतघ्न म्हणतो! पुढच्या अडचणीत ते दागिने गहाण टाकतील, मुलीचे कॉलेज थांबवतील, पण आपल्या दारी येणार नाहीत. (बाकांवरच्या आणि पंख्यांवरच्या नावांविषयी आम्ही बोलत नाही. पंखा काही लाजत नाही.)

कोणी विचारील, दिवा झाकून ठेवू नये असेही प्रभूनेच सांगितले ना? होय. बटाट्याची पानेही उन्हातच हवीत, त्यावाचून खाली काही धरत नाही. आपली प्रार्थना, सण, आजाऱ्याच्या घरी जाणे-येणे लोकांनी खुशाल पाहावे. कोणाला किती दिले, तेवढे मातीखाली राहू द्यावे. आणि ते वर डोकावू लागले की पुन्हा माती ओढावी, कारण एकदा ओढून भागत नाही.

साधारण 90 ते 100 दिवसांत पाने पिवळी पडतात. आधी आठ-दहा दिवस पाणी तोडावे. आगमनकाळाच्या सुरुवातीला लावलेला बटाटा उपवासकाळाच्या सुमारास निघतो. कुदळ बुंध्यापासून जरा लांब घालावी, नाहीतर चांगलेच बटाटे चिरतात. आणि काढलेले बटाटेही ओट्यावर उघडे टाकू नयेत, घरात अंधाऱ्या कोपऱ्यात पसरून ठेवावेत.